तळव्याखालचा गारवा

मांडवझरीच्या तळ्यात उन्हाळ्यात उतरलं की प्रेमदासला पाण्याखालून चालल्यासारखं वाटे. पाणी नसे, ते तर खरंच. मे महिन्यात तिथं काय असणार? भेगा पडलेला काळा गाळ, वाळून पांढरे झालेले शिंपले, बेशरमाची निगरगट्ट झुडपं. पण प्रेमदासच्या डोक्यातलं पाणी कधी आटत नसे. इथं गुडघाभर, इथं छातीइतकं, त्या झुडपापुढं दोन पुरुष खोल. चालता चालता तो मान वर करी आणि पाण्याची वरची कड जिथं असायला हवी तिथं बघे. तिथून एखादी घार संथ जाई. त्याला वाटे, मासोळी गेली. साठी ओलांडलेल्या माणसानं असं काही बघावं का? पण तो बघे, आणि कुणाला सांगत नसे.

त्याच्या पुढं पोकलेन मशीन गाळ उपसत होतं. ते चालवणारा मुकेश वडनेरचा, डोळ्यांवर गॉगल, कानात गाणी. तळ्याच्या बांधावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. गाळ वावरात टाकला की कपाशी कमरेला लागते, हे गावाला पक्कं ठाऊक. त्यामुळं जो तो ट्रॉली घेऊन हजर.

गाळाखाली पिवळी चिकणमाती होती, कुठं वीतभर, कुठं हातभर. तिच्याखाली मुरूम. गाळ हवा तेवढा न्या, पिवळीला मात्र हात लावायचा नाही. तळ्याचं पाणी बसतं ते तिच्यावर. ती फोडली की तळ्याची चाळणी झालीच म्हणून समजा. पाणी मुरमात शिरलं तर निदान विहिरींना मिळेल, असंही नाही. इथला मुरूम नाल्याकडं उतरता. पाणी नाल्यात जाई, नाल्यातून वणा नदीत, आणि मांडवझरीची ढोरं बघत राहत.

ही पिवळी कुठं सुरू होते ते वरून दिसत नाही. पण अंगाचा भार पडला की तिचा गारवा चार बोटं आधीच तळव्याला लागतो, हाताला नाही. प्रेमदास अनवाणी मशीनच्या मागंमागं चाले. खोदलेल्या जागी पाय ठेवी. तळवा गार पडला की पिवळी लागली म्हणून हात वर करी, आणि मुकेश मशीन थांबवी. बस, एवढंच काम. जलसंधारणाच्या साहेबानं कागदावर खोलीचे आकडे लिहून दिले होते, नाही असं नाही. पण साहेब हिंगणघाटला आणि तळ मांडवझरीत. गावानं ठरवलं, प्रेमदासच्या पायावर चालायचं.

हे पाय घराण्यातून आले होते. त्याच्या आजानं आणि आजाच्या भावांनी हा तळ पायानं तुडवून बसवला होता. चिकणमाती भिजवायची, महिनाभर तुडवायची. तळं भरलं तेव्हा पाणी घ्यायला घाट बाकी गावाला, आणि यांच्या वस्तीनं दूर खाली नाल्यातल्या झिऱ्यावर जायचं. छप्पन साली आजानं नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि परत आल्यावर पहिलं काम काय केलं, तर घाटावर जाऊन ओंजळभर पाणी प्याला. त्यावरून गावात आठ दिवस बोलाचाली झाली. आता ती बोलाचाली कुणाला आठवत नाही. प्रेमदासला आठवते, बापाकडून ऐकलेली.

त्या दिवशी मशीन तळ्याच्या अगदी पोटात, सगळ्यात खोल जागी आलं होतं. रूपराव तिथं येऊन उभा राहिला. रूपरावाची शेती मोठी, आवाज त्याहून मोठा. प्रेमदासच्याच वयाचा.

"अठी लय गाळ हाये, प्रेमदास. हातभर अजून निघते का पाह्य ना."

प्रेमदासनं पाय ठेवला. काहीच लागलं नाही. थोडं सरकून पुन्हा ठेवला. ऊन नुसतं भाजत होतं. त्याला वाटलं, उन्हानं असेल.

"निघन," तो म्हणाला. "घे, मुकेश."

मशीनचा पंजा खाली गेला, वर आला. परत गेला. प्रेमदास डोळे बारीक करून बघत राहिला. मग मनाशी काहीतरी धरून त्यानं हात वर केला.

"बस. लागली पिवळी."

रूपरावाच्या ट्रॉल्या भरून गेल्या. अकरा वाजले, तसं ऊन सहन होईना म्हणून मशीन बंद झालं.

घरी धुरपता, त्याची बायको, ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. प्रेमदास आला, न्हाणीकडं गेला, पाय धुऊन येऊन बसला. धुरपताचं लक्ष जमिनीकडं गेलं. दारापासून न्हाणीपर्यंत सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठिपके होते, एका पायाचे.

"पाय दाखवा."

"कायले?"

"दाखवा म्हनलं ना."

तिनं त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला. टाचेच्या पुढं बाभळीचा काटा रुतला होता, मोडून आत गेलेला. तिनं सुई आणली, चिमटा आणला. काटा निघता निघेना. ती कोरत होती आणि प्रेमदास बघत होता, पाय शेजाऱ्याचा असावा तसा. शेवटी काटा निघाला. बोटाच्या दोन पेरांएवढा.

"दुखलं नाई?"

"मोठा नोता."

"बोटभर हाये वो!" धुरपतानं काटा त्याच्या नाकासमोर धरला. "कवापासून समजत नाई पायाले?"

प्रेमदासनं काट्यावरून नजर काढली. मग छताकडं बघून म्हणाला, "दिवाळीपासून जरासं. होळीपासून काईच नाई."

त्यांची मुलगी रोशनी नागपूरला दवाखान्यात नर्स होती. दिवाळीला आली तेव्हा तिनं बापाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून शुगर मोजली होती. जाताना मऊ काळ्या चपला घेऊन दिल्या. म्हणाली, बाबा, आता खाली पाय टाकू नका. गोळ्या तो घेई. चपला पिशवीसकट पेटीत गेल्या. अनवाणी चालणं हेच ज्याचं काम, त्यानं चपला घालून तळ्यात उतरायचं म्हणजे काय?

धुरपतानं जखमेवर हळद दाबली, फडकं बांधलं. गाठ मारता मारता तिचे हात थांबले.

"मंग तळ्यात तुमाले थंड कसं समजून राह्यलं?"

बाहेर कडुनिंबाखाली शेळी खाकरली. प्रेमदासनं पाय हळूच तिच्या मांडीवरून काढून घेतला.

"अंदाजानं," तो म्हणाला.

त्याला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. चोरी केली असती तर निदान काही हाती तरी लागलं असतं. धुरपतानं सूप ओढलं आणि परत ज्वारी निवडायला घेतली. तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी फटफटताना दोघं तळ्यात उतरली. धुरपताच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्यानं भरलेला पितळी गुंड. नळ तीन दिवसांनी येत होता, त्यातला हा गुंड. प्रेमदासच्या पायाला फडकं, त्यावर गोणपाट बांधलेलं. हवा गार होती. खालच्या अंगाला धुक्यासारखं काहीतरी पसरलं होतं. धुकं नव्हतं, कुणीतरी कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्या होत्या त्याचा धूर. त्या धुरात टिटवी चालत होती, आणि क्षणभर प्रेमदासला वाटलं, तळं भरलंय, आपण दोघं तळाशी आहोत, आणि वर गावाला अजून काही माहीत नाही.

परीक्षा साधी होती. हाताएवढा खड्डा करायचा, त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि बसून राहायचं. पिवळी असली तर पाणी थांबतं. त्यानं जिथंजिथं हात वर केला होता तिथंतिथं खड्डे केले. कडेचं पाणी थांबलं. मधलं थांबलं. प्रेमदासचा जीव थोडा खाली आला. मग दोघं पोटात आली, काल रूपराव उभा होता तिथं.

धुरपतानं पाणी ओतलं. जमिनीनं ते गटागटा पिऊन टाकलं. तिनं आणखी एक तांब्या ओतला. तोही गेला. मग तिनं लुगड्याचा काठ वर खोचला, वरचा सुटा गाळ पायानं बाजूला सारला आणि उभी राहिली.

"गरम हाये," ती म्हणाली. "अन् टोचते."

मुरूम होता. एका घराच्या अंगणाएवढा. सकाळच्या उजेडात त्यातले कण चमकत होते, बघायला छानच दिसत होते.

प्रेमदास खाली बसला. बराच वेळ त्यानं हातानं ती जागा चाचपली.

"मुकेशले सांगतो," तो हळूच म्हणाला. "दोन ट्रॉल्या गाळ टाक म्हनतो अठी. वरून समजत नाई."

"अन् पानी?"

"जाईन हळूहळू. दिवाळीपर्यंत राहीन. लोक म्हनतीन, यंदा ऊन लय होतं."

धुरपतानं गुंड उपडा केला. उरलेलं पाणी मुरमात गेलं.

"मी नवी आलती तवा मामाजीनं मले अठी आनलतं," ती म्हणाली. मामाजी म्हणजे तिचा सासरा. "असंच तळं आटलतं. मले म्हने, पोरी, आपल्या घरान्याचं नाव गावात कोठी लिहेल नाई, पन या मातीत हाये. तुमी आता त्याच्यावर गाळ टाकतो म्हनता. टाका. मी कोनाले सांगत नाई."

ती चुंबळ झटकून चालायला लागली. प्रेमदास तिथंच बसून राहिला. ऊन पायावर आलं. पायाला ते कळलं नाही.

सात वाजता बांधावर ट्रॅक्टर जमले. मुकेश मशीनला डिझेल पाजत होता. प्रेमदास लंगडत बांध चढला. रूपराव आणि दहा-बारा जण लिंबाच्या सावलीत चहा पीत उभे होते.

"मशीन चालू नोको करू, मुकेश," प्रेमदास म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्यानं परत म्हटलं. मग सगळ्यांकडं बघायचं टाळून सांगून टाकलं. पायाला शुगर झाली. थंड-गरम समजत नाही. कालची पिवळी फुटली. अंगणभर मुरूम उघडा पडला. "मी हात अंदाजानं वर करत होतो," हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

एक जण फिसकन हसला. "म्हनजे एवढे दिवस काका नुसते फिरून राह्यलते काय?"

"हिंगणघाटचा साहेब कागद देऊन गेला, त तो कोनी उघडून नाई पाह्यला," दुसरा म्हणाला. "आजच्या जमान्यात पायानं मोजता!"

"काका, मले त सांगाचं होतं," मुकेश गॉगल काढून म्हणाला. पोराला खरंच वाईट वाटलं होतं.

"लाज वाटली बापा," प्रेमदास म्हणाला. "दुसरं काय?"

सगळे रूपरावाकडं बघायला लागले. आता हा कडाडणार, हे ठरलेलंच. रूपरावानं चहाचा कप खाली ठेवला. प्रेमदासच्या पायावरच्या गोणपाटाकडं बघितलं. कडाडला नाही.

"काल सांजच्याले मी वावरात गेलतो," तो म्हणाला. "ट्रॉल्या पलटी केल्या तठी. पिवळी ढेपळं पडून होती, हे एवढाली. मी पाह्यली." तो थांबला. "मले तवाच समजलं. म्हनलं, कायले बोला. माती त आपल्याच वावरात आली."

रूपराव असं काही बोलू शकतो हे गावाला नवीन होतं, आणि बहुतेक रूपरावालाही.

"अजून तठीच हायेत ढेपळं?" प्रेमदासनं विचारलं.

"कुठी जातीन?"

"मंग आना वापस. भिजवाले पानी पायजे, अन् तुडवाले पाय. तीन दिवसांचं काम हाये. मशीननं होत नाई ते."

दोघे-तिघे ट्रॅक्टर घेऊन निघून गेले, या भानगडीत पडायला त्यांना सवड नव्हती. बाकीचे थांबले. दहा वाजता रूपरावाच्या वावरातून पिवळी माती परत आली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर घरटी एक गुंड पाणी निघालं. ते देणं सोपं नव्हतं. पुढचा नळ परवा होता. बाया रांगेनं तळ्यात उतरत होत्या, डोक्यावरचं पाणी हिंदकळत होतं, आणि बांधावरून बघणाऱ्या प्रेमदासला वाटलं, तळं असं भरायला लागलं तरी शंभर वर्षांत भरेल खरं.

माती फोडली, पसरली, भिजवली. मग सगळे कडेला उभे राहिले. आत कुणी पाय टाकेना. एक तर चिखल, आणि दुसरं म्हणजे हे काम कोणत्या वस्तीचं होतं ते म्हाताऱ्यांना माहीत होतं. माहीत आहे असं मात्र कुणी दाखवत नव्हतं.

धुरपता आधी उतरली. लुगडं पोटऱ्यांवर खोचून, वस्तीतल्या चार-पाच बायांचे हात धरून. टाच दाबायची, मग चवडा, मग पाय फिरवून काढायचा. प्रेमदास कडेवरून सांगत होता. त्याच्या पायात रोशनीच्या काळ्या चपला होत्या. दुपारीच धुरपतानं पेटीतून काढून त्याच्यासमोर टाकल्या होत्या, न बोलता. त्या चपला घालून कोरड्यावर उभं राहणं म्हणजे लग्नात पाहुण्यासारखं उभं राहणं. त्याला फार वाईट वाटत होतं.

"माई, मीबी येतो," म्हणत रूपरावाची बायको भागीरथा उतरली, आणि दुसऱ्याच पावलाला घसरून बसली. सगळे हसले. तीही हसली. मग रूपरावाला हसून चालेना. त्यानं बूट काढले, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि उतरला. त्याच्या सात पिढ्यांत या मातीवर कुणी नाचलं नव्हतं, ते पायांवरून दिसतच होतं.

"टाच, रूपरावभाऊ, टाच!" प्रेमदास ओरडला. "पापड लाटून राह्यले काय?"

"तुले बरं हाये तठी उभं राहून," रूपराव धापा टाकत म्हणाला.

असे तीन दिवस गेले. सकाळी आणि संध्याकाळी तुडवायचं, दुपारी ओली गोणपाटं झाकून ठेवायची. माणसं कमी-जास्त झाली. एकानं सगळ्याचं मोबाईलवर शूटिंग केलं आणि तेवढंच केलं. जे म्हणत होते पायानं काय मोजता, त्यांचंही प्रेमदासनं ऐकलं, डोळ्यांना दिसेल अशी खूण करायचं ठरवलं. धुरपताला पुढं घालून त्यानं उरलेलं तळं चालून घेतलं. ती जिथं "थंड" म्हणे तिथं मुकेश चुन्यानं रंगवलेली खुंटी ठोके. खुंटीपलीकडं मशीन जायचं नाही. यापुढं खुंट्या बघायच्या, प्रेमदासचा हात नाही. हे त्यानं स्वतःच गावाला सांगितलं. सांगून झाल्यावर घरी येऊन तो बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडला होता.

तिसऱ्या संध्याकाळी चिखल घट्ट झाला. पावलं रुतायची थांबली. प्रेमदासनं मधोमध हातानं खड्डा केला, धुरपतानं गुंडातलं शेवटचं पाणी त्यात ओतलं, वर गोणपाट टाकलं, आणि सगळे घरी गेले.

सकाळी प्रेमदास आणि धुरपता आली, तेव्हा रूपराव आधीच येऊन बसला होता. मुकेश मशीनवर चढून बसला होता, किल्ली हातात. हा पोटातला तळ पक्का झाला असेल तरच कडेचा उरलेला गाळ काढायचा. नाहीतर मशीन आजच परत जाणार आणि तळं असंच पावसाच्या तोंडी जाणार, असं ठरलं होतं.

गोणपाट प्रेमदासनं काढलं. खड्ड्यात पाणी होतं. जेवढं ओतलं होतं जवळपास तेवढं, स्वच्छ, आणि त्यात सकाळचं आभाळ. तो बघतच राहिला. त्या हाताएवढ्या पाण्यात त्याला सगळं तळं दिसलं, बांधाला लागलेलं, ढोरं गळ्यापर्यंत उतरलेली.

"झालं ना?" रूपरावानं विचारलं. "करू चालू?"

"थांबा," प्रेमदास म्हणाला. पाणी थांबलं होतं, पण नुसत्या डोळ्यांवर हात वर करायची त्याच्या घराला सवय नव्हती. आणि अंदाजानं तर आता जन्मात नाही. त्याचा हात चपलेच्या पट्ट्याकडं गेला.

"चप्पल काढू नका," धुरपता म्हणाली. ती पुढं झाली, खड्ड्याशेजारच्या पिवळ्या मातीवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. डोळे मिटले. घटकाभर तशीच.

"कसं लागून राह्यलं?" त्यानं विचारलं. "टोचते का?"

"नाई."

"थंड हाये?"

"हाये."

"कसं थंड? सांग ना."

धुरपतानं डोळे उघडले. कसं सांगणार? प्रेमदास तिच्यासमोर मातीवर बसला. रूपराव बघत होता, मशीनवरून मुकेश बघत होता, बांधावर आणखी कोण कोण आलं होतं. नवऱ्यानं बायकोच्या पायाशी बसायची मांडवझरीत रीत नाही. धुरपता लाजून मागं सरायला लागली.

"अवो, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

त्यानं तिची पोटरी धरून पाय उचलला आणि मातीनं माखलेला तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला. भेगाळलेला, खरखरीत तळवा. मातीचा गारवा त्यातून त्याच्या हातांत आला, मनगटापर्यंत. किती महिन्यांनी. तिचा पाय हळूच खाली ठेवून तो उठला, मुकेशकडं वळला आणि त्यानं हात वर केला: पिवळी लागली, कर चालू.